कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात? मशीन उघडण्याआधी अर्थिंग तपासा

खानापूर, बेळगाव आणि निपाणी या पट्ट्यात मी घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मृग लागला आणि फरशीला ओल आली की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात, "कॅबिनेटला हात लागला की करंट येतोय." बरेच जण माझ्याआधी दुसरीकडे जाऊन एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) बदलून आलेले असतात. पैसे जातात, नव्या एसएमपीएसलाही तशाच झिणझिण्या येतात. दिवाळीनंतर त्रास आपोआप थांबतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच घरातून पुन्हा फोन येतो. दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतो, घराच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर आलेली वीज वायरीनं जमिनीत नेणाऱ्या जोडणीत असतो. तो कसा शोधायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते क्रमानं लिहितो.

लक्षणं

पेनड्राइव्ह लावताना यूएसबीच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या चावल्यासारखी चुणचुण होते. चप्पल घातली की ती थांबते, अनवाणी उभं राहिलं की परत येते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना त्यावरून बोट हळूच फिरवलं तर पत्रा थरथरल्यासारखा लागतो. चार्जर लावला की टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो, चार्जर काढला की गुमान चालतो. स्पीकरमध्ये सतत घूं असा आवाज येतो. टीव्हीला एचडीएमआय केबल जोडताना बारीक ठिणगी उडते आणि त्यानंतर ते पोर्ट चालत नाही. लाईट जाऊन घर इन्व्हर्टरवर आलं की झिणझिण्या वाढतात. एप्रिल-मेच्या वळवात विजा झाल्या की दरवर्षी नेटच्या वायरीचं पोर्ट किंवा राउटर जळतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दोन गोष्टी मात्र यात धरू नका. मोटार किंवा फ्रिज सुरू होताना कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होत असेल तर तो व्होल्टेज पडण्याचा प्रश्न आहे, त्याचा अर्थिंगशी संबंध नाही. आणि थंडीत स्वेटर काढून पत्र्याला हात लावल्यावर एकदाच 'टक्' होतं ती अंगावर साठलेली स्थिर वीज. ती एका क्षणात संपते. अर्थिंगची चुणचुण हात ठेवला तोवर चालू राहते.

पावसाळ्यातच का?

दोष बारा महिने असतो, जाणवतो पावसाळ्यात. कारण ती वीज तुमच्या अंगातून फरशीवाटे जमिनीत जात असते. मार्चमध्ये पाय कोरडे, फरशी कोरडी, म्हणून वाट बंद. जुलैत शहाबादी फरशीला घाम फुटतो, कोबा ओलसर होतो, जांभ्याच्या भिंतीही ओल धरतात, आणि वाट उघडते. कणकुंबी-जांबोटीकडे तर चार महिने घरातलं काहीच पुरतं वाळत नाही. तिकडच्या तक्रारी मला सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात उशिरा थांबतात.

पण पत्र्यावर ही वीज येते कुठून? एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून (वीज आणणारी वायर) पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून (वीज परत नेणारी वायर) पत्र्याला जोडलेला. ते मुद्दाम ठेवलेले आहेत, तो बिघाड नाही. त्यांतून पत्र्यावर येणारा करंट एक मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि तो अर्थच्या वायरीनं जमिनीत जाईल असं बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. अर्थची वायर तुटलेली असेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, जाऊन बसतो. एकट्या कॅबिनेटची चुणचुण सौम्य असते. त्याच बोर्डावर मॉनिटर, प्रिंटर आणि स्पीकर असतील तर सगळ्यांची गळती एकत्र होते आणि जो हात लावेल त्याच्या वाट्याला येते. इन्व्हर्टर साधा, चौकोनी लहरीचा असेल तर ती आणखी बोचते.

या चुणचुणीनं सहसा कुणाला इजा होत नाही. मला भीती वाटते ती तिच्यामागच्या गोष्टीची. अर्थची वायर नाही, हे ती सांगत असते. उद्या खरोखरच आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर ती वीज जाणार कुठे? जो पहिला हात लावेल त्याच्या अंगातून.

सुरू करण्याआधी

चुणचुण नसून झटका बसत असेल, हात ओढला जात असेल, नळाला किंवा शॉवरलाही करंट येत असेल, किंवा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि कॉम्प्युटर सगळ्यांनाच एकदम करंट आला असेल, तर यातली एकही तपासणी करू नका. पायात कोरडी चप्पल घालून मेन बंद करा, मुलांना बाजूला न्या आणि वायरमनला बोलवा. करंट आहे का हे बघायला मुद्दाम हात लावणं तर कधीच नको. एकदा जाणवलं तेवढं पुरे.

पहिली तपासणी, फुकटची: पिन

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढून हातात घ्या. तीन पिना आहेत का? वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती अर्थची. लांब अशासाठी की प्लग खुपसताना ती आधी जोडली जावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी. जुन्या दोन भोकांच्या बोर्डात प्लग बसेना म्हणून ही पिन कापून टाकलेली मी अनेकदा पाहिली आहे. कुणी तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा कन्व्हर्टर लावलेला असतो. त्यात अर्थची पिन नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकात जाऊन बसते, पुढे काहीच नसतं. तसला कन्व्हर्टर काढून फेकून द्या, बाजूला जपून ठेवू नका. घरात असला की कुणीतरी तो परत लावतो.

पिन काळी पडली असेल किंवा सॉकेटमध्ये हलत असेल तर आधी दुसरी पॉवर केबल लावून बघा. कुठल्याही डेस्कटॉपची केबल चालते, शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी मागून आणता येते.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडं वेगळं. चार्जरचा प्लग मुळातच दोन पिनांचा असेल आणि त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे, त्याला अर्थ लागत नाही. त्यातून हलकी थरथर जाणवणं नेहमीचं आहे. प्लग उलटा फिरवून लावला तर कधी ती कमी होते. कंपनीनं त्या चार्जरसाठी तीन पिनांची वायर दिलेली असेल तर तीच वापरा.

दुसरी तपासणी: एक्स्टेंशन बोर्ड

मला विचाराल तर निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. कॉम्प्युटर एक्स्टेंशनवर असेल तर तो काढून भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा, शक्यतो स्वयंपाकघरातल्या मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटजवळ नेऊन. जुन्या घरांतही मिक्सर-फ्रिजच्या त्या सॉकेटला बहुधा अर्थ दिलेली असते, हॉलमधल्या छोट्या सॉकेटला नसते. तिथे चुणचुण थांबली तर दोष मशीनमध्ये नाही हे फुकटात समजलं.

आता एक्स्टेंशनचा प्लग काढा आणि स्क्रू उघडून आत बघा. बाजारात मिळणारे काही स्वस्त बोर्ड तीन भोकांचे दिसतात, पण त्यांची वायर दोनच तारांची असते. मागच्या पावसाळ्यात अनगोळात एका मुलाचा बोर्ड उघडला. आत तीन पितळी पट्ट्या होत्या. दोन पट्ट्यांना लाल आणि काळी वायर डाग देऊन जोडलेली, तिथलं पितळ काळवंडलेलं. तिसरी पट्टी अगदी नवीकोरी, पिवळी धमक. तिला वायरच नव्हती. तीन वर्षं तो मुलगा त्या बोर्डावर अभ्यास करत होता.

असा बोर्ड दुरुस्त करत बसू नका. आयएसआय खुणेचा, तीन तारांची जाड वायर असलेला नवा घ्या. एकाला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका, कारण प्रत्येक जोडाला अर्थची पकड सैल पडते. आणि ज्यावर 'सर्ज प्रोटेक्टर' लिहिलेलं असतं, त्याचाही बराचसा भरवसा अर्थवरच असतो. जादा व्होल्टेज जमिनीत ढकलायचं तर जमिनीपर्यंत वायर पाहिजे. अर्थ नसलेल्या सॉकेटला महागडा स्पाइक गार्ड लावून वळवातल्या विजांपासून कॉम्प्युटर वाचणार नाही.

तिसरी तपासणी: जोडलेल्या केबली

कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढा, मग एचडीएमआय, नेटची वायर आणि प्रिंटरची केबल काढा. नंतर एकेक जोडत बघा, त्रास कोणामुळे परत येतो. टीव्हीला डिशची किंवा केबलची गोल वायर जोडलेली असेल तर तिच्या बाहेरच्या जाळीवर बाहेरूनच व्होल्टेज येत असू शकतं. ते एचडीएमआयमधून कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येतं आणि दोन्हींच्या पत्र्यांत फरक असला की जोडताना ठिणगी पडते. पोर्ट मरतं ते त्याच क्षणी. म्हणून केबल जोडायची ती दोन्ही यंत्रांचे प्लग काढूनच. हे तुमच्या हातात आहे, याला कसलाही खर्च नाही.

विजा चमकायला लागल्या की कॉम्प्युटरच्या प्लगबरोबर राउटरचा चार्जर आणि नेटची वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटर चार्जरवर चालतो आणि त्याच्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तांब्याची असते. वळीव कधी येईल ते संध्याकाळी आभाळ बघून समजतं. ढग गडगडायची वाट बघू नका.

चौथी तपासणी: मल्टिमीटर

ज्याला मल्टिमीटर वापरायची सवय आहे, त्यानंच हे करावं. सवय नसेल तर हा भाग वाचून ठेवा आणि वायरमनला शेजारी उभं राहून करायला सांगा. साधा मल्टिमीटर चालतो. एसी व्होल्टवर, सर्वात वरच्या पट्टीवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना, अँपिअरच्या नाही, हे दोनदा बघा. पायात कोरडी चप्पल, बोटं प्रोबच्या (मीटरच्या टोकदार सुईच्या) कडीच्या मागे, जवळ मूल नको. सॉकेटला सुरक्षेचे पडदे असतील आणि प्रोब जात नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून ते उघडायच्या फंदात पडू नका, तिथेच थांबा.

अर्थचं मोठं भोक वर ठेवून सॉकेटकडे बघितलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तीन मापं घ्यायची.

फेज आणि न्यूट्रल: २३०च्या आसपास. आमच्याकडे गावाकडच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी ते बरंच खाली येतं, त्याची इथे काळजी नको.

फेज आणि अर्थ: तेवढंच, पाच-सात व्होल्ट इकडे-तिकडे.

न्यूट्रल आणि अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत.

फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही शंभर-सव्वाशेच्या घरात येत असतील किंवा आकडा स्थिरच राहत नसेल, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा त्या भोकाला वायरच नाही. लाकडी पट्टीवर वायरिंग केलेल्या कौलारू घरांत हे हमखास सापडतं. तेव्हा दिव्यांसाठी दोनच वायरी ओढल्या होत्या. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा सॉकेट तीन भोकांचा बसवला, वायर मात्र दोनचीच राहिली.

उजवीकडे-डावीकडे उलटं आलं, म्हणजे न्यूट्रलच्या जागी फेज असेल, तर वायरमनकडून सरळ करून घ्या. नुसत्या टेस्टरवर भिस्त ठेवू नका. अधांतरी पत्र्यावरही त्याचा दिवा लागतो, आणि अर्थ चांगली आहे की वाईट हे तो सांगूच शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. त्याच बोर्डावर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल-अर्थ परत बघा. लोड आला की न्यूट्रलवर एखादा-दुसरा व्होल्ट चढायला हवा. इस्त्री चालू असतानाही आकडा ठार शून्यावर चिकटून राहिला, तर चांगलं अर्थिंग म्हणून खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवले असण्याची दाट शक्यता आहे.

तो दोन इंची तुकडा

हे मी थोडं लांबवून सांगतो, कारण झिणझिण्या थांबवायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जीवघेणा उपाय हाच आहे. अर्थचं भोक रिकामं असतं, पत्र्याला चुणचुण येते, मग घाईतला वायरमन न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरीचा तुकडा मारतो. चुणचुण त्या क्षणी जाते. मल्टिमीटरवर सगळी मापं सुरेख येतात. गिऱ्हाईक खूश होतं.

खानापूर तालुक्यातल्या एका घरी श्रावणात मला बोलावलं होतं, कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून. घरातल्या बाईंनी आदल्या रात्रीची हकीकत सांगितली. वाऱ्यापावसात दिवे गेले. लाईट गेली असं समजून त्या अंधारात दूध बघायला फ्रिजकडे गेल्या आणि फ्रिजच्या दारानं त्यांना मागे फेकलं. "लाईट नव्हती हो, तरी करंट कसा आला?" त्या विचारत होत्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून त्या माझ्याशी बोलत होत्या.

लाईट गेलीच नव्हती. खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला होता, फेज घरात येतच होती. न्यूट्रल तुटला की फेजची वीज चालू असलेल्या दिव्यातून-पंख्यातून न्यूट्रलच्या वायरीवर येऊन थांबते, परत जायला वाट नसते. घरातला न्यूट्रल तेव्हा फेजसारखाच जिवंत होतो. आणि त्या घरात न्यूट्रल अर्थला जोडलेला होता, म्हणून फ्रिजचं दार, कॉम्प्युटरचं कॅबिनेट, वॉशिंग मशीन सगळं २३० व्होल्टवर. टेस्टर लावला तर सॉकेटच्या तिन्ही भोकांत दिवा लागत होता. मेन बंद करून बरोबरच्या वायरमननं सॉकेट उघडला आणि मला दाखवला. काळ्या वायरीचा जेमतेम दोन इंचांचा तुकडा, एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत नीट वाकवून बसवलेला. तो मूळचा बैलहोंगलचा, मागे बघून एवढंच म्हणाला, "अर्थिंग इल्ला री." त्या घरात अर्थिंग नव्हतंच, फक्त त्याचा भास होता.

म्हणून कुणी "एक तुकडा मारतो, लगेच थांबेल" म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. तसंच नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही नको. आता निम्मी पाइपलाइन प्लॅस्टिकची असते, जमिनीपर्यंत काहीच पोचत नाही, उलट नळ सोडणाऱ्याला करंट बसतो. कुंडीतल्या मातीत खिळा ठोकून त्याला वायर जोडलेलीही मी पाहिली आहे. त्यानं चुणचुण थांबूही शकते, कारण तिचा करंट इतका थोडा असतो की कशीबशी जोडलेली जमीनही तो पिऊन टाकते. पण खरा दोष आला तर तो खिळा काहीही वाचवू शकत नाही. झिणझिण्या थांबल्या म्हणजे अर्थिंग झालं, असं होत नाही.

पाचवी तपासणी: हिरव्या वायरीमागे नुसत्या डोळ्यांनी

मीटर बोर्डापासून हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर, किंवा जुन्या घरांत उघडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत, कशी जाते ते बघत जा. हात लावायचा नाही. घरात गळती असेल तर त्या तारेवर करंट असू शकतो. बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी दिसतं: पाइपवरचा क्लॅम्प गंजून पापुद्रा झालेला, तांब्याची वायर जीआय पाइपला नुसती गुंडाळलेली आणि जोड हिरवट पडलेला, रंगाऱ्यानं तार मधेच कापलेली. अंगणात फरशी घातली किंवा गाडीसाठी शेड केली तेव्हा खड्डाच काँक्रीटखाली गेलेला असतो. काही घरांत तार भिंतीतून बाहेर येते आणि हातभर पुढे मातीत संपते, खड्डा कधी केलेलाच नसतो.

खड्ड्याचं झाकण आणि नरसाळं सापडलं तर उन्हाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओता. आपल्या भागात याला कारण आहे. बेळगावच्या दक्षिणेला खानापूरकडे जांभा आणि मुरूम, पाणी थांबतच नाही, मेपर्यंत खड्डा खडखडीत. निपाणी-चिकोडी-अथणीकडे जिथे काळी माती आहे तिथे ओल धरते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपभोवती फट पडून मातीची पकड सुटते. दोन्हीकडे खड्ड्याची परीक्षा मेमध्ये असते. जुलैत मोजलेला चांगला आकडा मेमध्ये टिकेल असं धरू नका.

इथे थांबा

यापुढचं काम परवानाधारक वायरमनचं आहे. स्विचबोर्ड उघडणं, जुन्या वायरिंगमध्ये अर्थची तिसरी वायर ओढणं, न्यूट्रल-अर्थचा तुकडा शोधून काढणं, खड्डा नवा करणं, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवणं. बल्ब लावून अर्थ तपासायची पद्धतही तुम्ही वापरू नका. अर्थ खराब असेल तर त्या चाचणीतच घरातले सगळे पत्रे जिवंत होतात.

दिवे काही खोल्यांत भगभगीत आणि काहींत मंद होत असतील, किंवा दिवे गेले तरी पत्र्याला करंट येत असेल, तर मेन बंद करून थेट वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा. तो दोष खांबावरचा असू शकतो आणि तिथे खासगी वायरमननंही चढायचं नाही.

घरात किंवा घराखाली यंत्रमाग असेल तर हे काम आजच करून घ्या. वडगावात एका घरी वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला करंट यायचा, पण खालचे माग चालू असतानाच. रविवारी माग बंद, त्रास बंद. एका मोटारीचं वाइंडिंग गळत होतं, माग आणि घर दोन्हींचा खड्डा एकच, आणि तो खड्डा कोरडा. मोटारीची गळती जमिनीत न जाता अर्थच्याच वायरीनं वर कॅबिनेटवर येत होती. अशा वेळी अर्थची वायर जोडलेली असणंच घातक ठरतं. मोटार आणि खड्डा दोन्ही दुरुस्त केल्याशिवाय उपाय नाही.

वायरमनशी बोलताना तीन गोष्टी मागा. एक, खड्ड्याचं माप अर्थ टेस्टरवर ओहममध्ये घेऊन दाखवा. मल्टिमीटरवर २३० आलं हा पुरावा नाही, त्याला मोजायला करंट जवळजवळ लागतच नाही, कुंडीतल्या खिळ्यावरही तो २३० दाखवेल. घरासाठी ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. दोन, पाइपचा खड्डा करायचा तर जीआय पाइप किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. आय. एस. ३०४३ या अर्थिंगच्या मानकात हीच मापं आहेत. जांभ्याच्या खडकात अडीच मीटर खाली जाता येत नसेल तर चर खणून आडवी पट्टी पुरता येते, किंवा दोन खड्डे करून जोडता येतात. त्यांत पाइपच्या लांबीच्या दुप्पट तरी अंतर ठेवायला सांगा, जवळजवळ केले तर दोन्हींचा मिळून फायदा होत नाही. मीठ-कोळशानं आकडा लवकर खाली येतो, पण मीठ पाइप खातं आणि पावसात वाहून जातं, म्हणून काही वर्षांनी परत बघावं लागतं.

तीन, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती का लागते याचा हिशोब साधा आहे. समजा मेमध्ये तुमचा खड्डा ५० ओहमवर गेला आणि फेज कॅबिनेटला टेकली. २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जादा लोड आला की पडणाऱ्या स्विचला) तो पंखे-फ्रिजच्या लोडसारखाच वाटतो, ती पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. आरसीसीबीच्या मर्यादेच्या तो दीडशे पट आहे, ती डोळ्याचं पातं लवण्याआधी पडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर बदलून घ्या. ती वारंवार पडते म्हणून कुणी काढून टाकत असेल तर अडवा. ती पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती गळती शोधणं हेच काम.

काम झाल्यावर वायरमन जायच्या आधी कॉम्प्युटर लावून कॅबिनेटच्या स्क्रूपासून न्यूट्रलपर्यंतचं माप परत घ्यायला सांगा. ११५च्या जागी एक-दोन व्होल्ट दिसले पाहिजेत. मग इन्व्हर्टरवर टाकून तेच माप पुन्हा घ्या. इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये अर्थ द्यायचं अनेकांकडून राहून जातं. शेवटी खड्ड्याचा आकडा आणि तारीख मीटर बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, आणि पुढच्या मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी माप घेऊन त्याच्याखाली नवा आकडा लिहा.